ओतिलियाची फळी

ओहोटीला आई निघते. रबरी बूट,
बटाट्याची रिकामी जाळीदार पिशवी.
परतते तेव्हा पिशवी जड, चेहरा हलका.

चिलोए बेटाच्या या बाजूला समुद्र
काहीही आणून टाकतो.
कोचायुयोचे पट्टे, वाळून चामड्यासारखे झालेले.
सामन माशांच्या पिंजऱ्यातून सुटलेला नारिंगी तरंगा.
आणि बूट. नेहमी डाव्याच पायाचे;
उजवे बहुधा दुसऱ्या बेटावर जात असावेत.

शिंपले मात्र ती उचलत नाही.
एकतीस वर्षं तिने कारखान्यात
शिंपल्यांची तोंडं उघडली, किलोवर पैसे,
हिवाळ्यात बोटं निळी पडायची.
शेवटच्या दिवशी कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं.
ते आता तिच्या तिसऱ्या कामात आहे, उताणं,
काट्यांच्या जागी खेकड्याचे पाय.

सरस मी उकळतो. ओझी मी वाहतो.
बाबा होते तेव्हा म्हणायचे,
हिचं आपलं उचललं आणि लावलं भिंतीला.
पण रात्री उठून
कंदिलाच्या उजेडात बघत बसायचे,
ते मला ठाऊक आहे, तिला नाही.

मोठ्या कामाला आठ महिने लागले.
खाली पडक्या चर्चची लाकडी कौलं,
वर न पिंजलेल्या लोकरीचं आभाळ,
नाल्काच्या मुळ्यांत उकळून काळं केलेलं,
मध्येमध्ये झाडांवरची शेवाळी दाढी.
पाण्याच्या जागी फाटकं जाळं.
आणि आभाळ जिथे जाळ्याला टेकतं तिथे
एक फळी, हातभर, फिकट निळी.

ऑगस्टच्या वादळानंतर सापडलेली.
त्या निळ्यापायी आई दोन दिवस
कुणाशी धड बोलली नाही.
ब्रश लावू का, मी विचारलं.
म्हणाली, हात लावशील तर बघ.

नोव्हेंबरात अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये प्रदर्शन.
पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: एदुविहिस बार्रिआ, मिश्र माध्यम.
मिश्र माध्यम म्हणजे रे काय?
म्हटलं, सगळं.
मग सगळं असंच लिहायचं की, ती म्हणाली.

सान्तियागोहून आलेल्या एका गृहस्थाने
चष्मा वर सरकवून विचारलं, हे टिकेल किती?
आईने त्याच्याकडे खालून वर पाहिलं.
तुमचा कोट किती टिकेल?

तेवढ्यात ओतिलिया आली. एप्रन तसाच.
फळीला नाक लागेल इतकी जवळ गेली
आणि म्हणाली, ही माझ्या खुराड्याची.

हॉल गप्प.
हे बघ खिळ्यांची तीन भोकं.
हा कोपरा आमच्या कुत्र्याने कुरतडलेला.
वाऱ्याने नेली, आणि त्या रात्री
माझ्या चार कोंबड्या गारठून मेल्या.
तुला सापडली, एदुविहिस. मला नव्हती सापडली.

आई फळीकडे बघत राहिली. मग ओतिलियाकडे.
मग मला म्हणाली, पेचकस आण.

चार स्क्रू. शेवटचा गंजलेला, निघता निघेना.
काढताना थोडी लोकर सुटून खाली आली.
ओतिलियाने फळी काखेत मारली,
टेबलावरच्या दोन एम्पानादा रुमालात घेतल्या
आणि गेली.

मागे हॉलची भिंत दिसू लागली,
पिवळट ऑइलपेंट, एक जुना खिळा.
गृहस्थ म्हणाला, आता खरं तर
जास्त चांगलं झालंय.
आईने ऐकलं नाही, किंवा ऐकलं असेल.

मी गाडीतून दुसरी फळी आणली, बऱ्यापैकी निळी.
तिने ती फटीवर धरली,
मान तिरकी केली,
परत माझ्या हातात दिली.

ते काम आता आमच्या स्वयंपाकघरात आहे.
फटीत काडेपेटी ठेवू नकोस म्हणून
मला दोनदा ओरडा बसलाय.

काल ओहोटीहून परतताना
आई ओतिलियाच्या कुंपणाशी थांबली.
संध्याकाळ उतरत होती. फळी जागेवर ठोकलेली,
आडवी, निळी, तिच्याखालून
कोंबड्या एकेक करून आत चाललेल्या.

एक सूत वाकडी लागलीय,
आई पुटपुटली. ओतिलियाला ऐकू जाणार नाही
इतक्या हळू.
पिशवी दुसऱ्या हातात घेतली
आणि शेवटची कोंबडी आत जाईपर्यंत
तिथून हलली नाही.